विश्लेषण : पावणेदोन लाख बंकर बांधणारा हुकूमशहा... अल्बानियाची होजाच्या सावलीतून सुटका झाली का?

अल्बानियाची राजधानी तिराना येथे काँक्रीटचा एक पिरॅमिड आहे. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाचे संग्रहालय म्हणून तो १९८८ मध्ये उभा राहिला. २०२३ मध्ये नूतनीकरण झाले आणि आता तिथे किशोरवयीन मुले प्रोग्रॅमिंग शिकतात. इमारत बदलली, पण होजाच्या राजवटीत मारल्या गेलेल्यांचा शोध अजून सुरूच आहे.

होजा सत्तेवर कसा आला?

१९३९ मध्ये इटलीने अल्बानिया ताब्यात घेतला. १९४१ मध्ये तिथे कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला आणि फ्रान्समध्ये शिकून आलेला होजा त्याचा नेता बनला. नोव्हेंबर १९४४ मध्ये नाझी फौजा हटल्या आणि सत्ता त्याच्या हाती आली. ती एप्रिल १९८५ मध्ये मृत्यूनेच सुटली.

इतके बंकर कशासाठी?

स्टॅलिनचा कट्टर अनुयायी असलेल्या होजाने १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी आणि १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाशी संबंध तोडले. १९७८ मध्ये चीनचीही साथ संपली. सगळेच शत्रू, या भीतीतून जेमतेम ३० लाखांच्या देशात सुमारे पावणेदोन लाख बंकर बांधले गेले. हल्ला कधी झालाच नाही. घरांना आणि रस्त्यांना लागणारे सिमेंट-लोखंड मात्र त्यात गेले.

दहशत कशी चालायची?

‘सिगुरिमी’ या गुप्त पोलिसांची नजर घराघरांत होती. एकावर संशय आला की अख्खे कुटुंब दुर्गम गावात हद्दपार होई. १९६७ मध्ये मशिदी आणि चर्चना टाळे लागले. मूळच्या अल्बेनियन असलेल्या मदर तेरेसा यांना तिरानातील आईला भेटण्याची परवानगी मिळाली नाही. १९७२ मध्ये आई गेली.

समर्थक काय म्हणतात?

याच काळात साक्षरता वाढली, १९७० पर्यंत गावोगावी वीज पोहोचली, हे खरे. पण निर्बंध सैल होताच लोकांनी देश सोडला. ऑगस्ट १९९१ मध्ये एकाच जहाजातून सुमारे २० हजार जण इटलीतील बारी बंदरात उतरले.

आता पुढे काय?

२०१५ च्या कायद्याने सिगुरिमीच्या फायली पीडितांसाठी खुल्या झाल्या. पण सुमारे सहा हजार जणांचे अवशेष अजून कुटुंबांना मिळालेले नाहीत. २०२२ पासून अल्बानिया युरोपीय संघाशी प्रवेशाच्या वाटाघाटी करत आहे. बंकरांची संग्रहालये झाली, पर्यटकही येतात. या कुटुंबांना मात्र आधी आपल्या माणसाची कबर कुठे आहे, हे कळायला हवे आहे.