चुकलेलें स्पेलिंग आणि मनांतला शब्द

आपल्या पनवेलचें नांव इंग्रजींत कसें लिहावें, हें आज लहान मुलगाही बिनचूक सांगेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईहून गलबतानें येऊन पुण्याच्या वाटेस लागणारे इंग्रज अंमलदार आपल्या पत्रांत तें पुष्कळदां निराळेंच लिहीत. शेवटीं 'व्ही-ई-एल' ऐवजीं 'डब्ल्यू-ई-एल-एल', म्हणजे त्यांच्या भाषेंतील विहीर! कानीं 'वेल' पडला आणि ओळखीचा जो शब्द होता तो हातून उमटला. त्यांच्या पत्रांवर कोणी तांबडी शाई ओढली नाहीं; आणि गांव कोणतें, हें वाचणारांस बरोबर कळलें.

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्या चाळतांना आम्हांस ही गोष्ट वारंवार आठवते. त्यांच्या चुकाही बहुधा अशाच, कानानें केलेल्या असतात. 'मका' आणि 'मक्का' हे शब्द आपल्याकडे उच्चारांतच निराळे ऐकूं येतात. पण 'अकॉमोडेशन' म्हणतांना त्यांतील दोन 'सी' आणि दोन 'एम' कोणाच्या कानाला लागणार? साहजिकच एखादें अक्षर गळतें. 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दांतील 'बी' तर इंग्रजांच्याही तोंडीं येत नाहीं. लॅटिन मूळ दाखविण्यासाठीं तेथील पंडितांनींच तो मागाहून घुसडला. पंडितांनीं घुसडलेलें अक्षर विसरलें म्हणून पनवेलच्या मुलानें बोलणीं खावीं, हें आम्हांस कधींच पटलें नाहीं.

शुद्ध लिहूं नये, असें आमचें म्हणणें नव्हे. परीक्षेंत, अर्जांत, नोकरीच्या पत्रांत अशुद्ध स्पेलिंगानें माणसाची किंमत कमी होते, हें खरेंच आहे. आमची तक्रार आहे ती सुधारण्याच्या रीतीबद्दल. वहींत नुसती फुली मारली कीं मूल कठीण शब्दाची वाटच सोडतें. 'ब्यूटिफुल' लिहितांना दोनदां चुकलेली मुलगी तिसऱ्या वेळीं 'गुड' लिहून मोकळी होते. तिच्या चुका कमी होतात, पण तिच्या मनांत होतें तें कागदावर येत नाहीं. हें नुकसान गुणपत्रिकेंत दिसत नसल्यामुळें आईबापांच्या लक्षांतही येत नाहीं.

अमेरिकन संशोधक डॅमेराउ यांनीं १९६४ सालीं, संगणकाकडून चुका शोधविण्याची रीत बसवितांना, असें दाखविलें कीं, शेंकडा ८० हून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर भलतेंच, एक गळालेलें, एक जास्तीचें, किंवा शेजारचीं दोन अक्षरें उलटापालट झालेलीं. म्हणजे चुकलेला शब्द मनांतल्या शब्दापासून बहुधा एकाच पावलावर असतो. तें पाऊल मुलाला स्वतः टाकूं द्यावें. तुला कोणता शब्द लिहावयाचा होता, तो मोठ्यानें म्हण, असें सांगावें, आणि मग शब्दकोश त्याच्या हातीं द्यावा. पहिलेंच अक्षर चुकलें असेल तर मात्र शिक्षकानें जवळ बसावें. 'नाइफ' हा शब्द 'एन'च्या पानांत रात्रभर शोधला तरी सांपडणार नाहीं.

हल्लीं मोबाइल हें काम क्षणांत करितो, मग एवढा खटाटोप कशाला, असें पालक विचारतात. शेजारचे शब्द पाहून तर्क करणारीं यंत्रेंही आतां निघालीं आहेत. परंतु तर्क तो तर्कच. आमच्या पाहण्यांतील एका मुलानें रजेचा अर्ज यंत्रावर लिहिला. आजी 'क्वाइट', म्हणजे बरीच, आजारी आहे, असें त्याला सांगावयाचें होतें. शेवटचीं दोन अक्षरें फिरलीं आणि आजी 'शांत' आजारी झाली! हाही शब्द कोशांतलाच असल्यामुळें यंत्रानें हूं कीं चूं केलें नाहीं. अर्ज वर्गांत वाचला गेला आणि हंशा पिकला. मुलगा तेवढा हंसला नाहीं. त्याच्या आजीला खरेंच फार बरें नव्हतें, आणि रजा त्याला दुसऱ्याच दिवशीं हवी होती.