डोळ्याला पाणी येऊ द्या

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादचा मोंढा लाल मिरचीसाठी ओळखला जातो. हंगामात पोती रिकामी होऊ लागली की हमाल, अडते, गिऱ्हाईक, साऱ्यांचेच डोळे वाहतात. मिरचीतले कॅप्सेसिन बुबुळावरच्या मज्जातंतूंना झोंबते, मेंदूला वर्दी जाते आणि वरच्या पापणीआडची अश्रुग्रंथी पाणी सोडते. झोंबणारी पूड धुऊन काढायचा हा शरीराचा बंदोबस्त. तरी डोळ्याला पाणी आले की माणूस आधी ते थांबवायच्या मागे लागतो. मराठवाड्यात ही घाई अनेकदा डोळ्यावर बेतते.

असे धुऊन काढणारे अश्रू हा एक प्रकार झाला. दुःखाचे किंवा आनंदाचे अश्रू हा दुसरा. हे अश्रू जन्मतःच येत नाहीत; पहिले काही आठवडे बाळ टाहो फोडते, पण डोळ्यांतून थेंब येत नाही. तिसरा प्रकार कुणाच्या लक्षातही येत नाही. डोळ्यावर दिवसभर पसरलेली पाण्याची अतिशय पातळ साय. तिच्यात सर्वात वर तेलकट थर असतो, तो पाणी उडू देत नाही. मध्ये पाणी, आणि खाली ते बुबुळाला चिकटवून ठेवणारा बुळबुळीत थर. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. हवेतला प्राणवायू त्याला या पाण्यातूनच मिळतो.

हे पाणी जंतूंशीही झुंजते. पेनिसिलिनच्या शोधाआधी सहा वर्षे, 1922 मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अश्रूंतही असणाऱ्या लायसोझाइम या जंतुनाशक द्रव्याचा शोध जाहीर केला. त्याच्या अभ्यासासाठी त्यांनी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळून अश्रू गोळा केले होते.

आता सोयाबीनच्या राशीचे दिवस आठवावेत. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर भुसकटाचा लोट येतो. एखादे कुसळ डोळ्यात जाते, पाणी वाहू लागते, आणि तो उपरण्याच्या शेवाने डोळा चोळतो. पाण्याबरोबर जे निघून गेले असते, ते चोळल्याने बुबुळावर ओरखडा काढते. मग शेजारपाजारचे वैद्य पुढे होतात. कुणी मध घालतो, कुणी एरंडेल, कुणी जिभेने कचरा काढून देतो. दोन दिवसांनी डोळा लालबुंद झाला की गावातल्या मेडिकलमधून ‘डोळ्याचा ड्रॉप’ येतो.

खरा घात इथे होतो. भुसकटातली, मातीतली बुरशी ओरखड्यात रुजलेली असू शकते. हाती आलेल्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, ठणका कमी होतो, पाणीही थांबते. पण स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दडपते, आणि बुरशीला रान मोकळे मिळते. जखम खोल जाते, डोळ्यात फूल पडते आणि नजर अधू होते. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा कायदाच आहे. तो पाळला जातो की नाही, हे कुठल्याही तालुक्याच्या गावी दुकानाच्या गल्ल्यापाशी घटकाभर उभे राहिले तरी कळेल.

लातुरात दुखणे वेगळे, चूक तीच. शिकवणीसाठी आलेली मुले पुस्तकात आणि मोबाइलमध्ये डोळे घालून बसतात. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो; स्क्रीनपुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येऊ शकते. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा, वर पंख्याचा झोत. डोळ्यावरची साय फाटते, बुबुळ चुरचुरते आणि मेंदू घाईने भरमसाट पाणी पाठवतो. त्यामुळे ‘सारखे पाणी येते’ अशी तक्रार घेऊन आलेल्याला डॉक्टर ‘डोळे कोरडे आहेत’ म्हणतात, तेव्हा त्याला ही थट्टा वाटते. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते, हे तपासले की अश्रू पुरेसे आहेत का याचा अंदाज येतो. साधारण दहा मिलिमीटरच्या पुढे भिजली तर ठीक.

पाणी येतच राहिले तर दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नव्हे. नाकाकडे जाणारी अश्रूंची वाट बुजली की लासरू होतो, डोळ्याच्या कोपऱ्यात पू साठतो. त्यावर उपचार हवेतच. पण आधी कारण शोधावे, मग औषध घालावे. कचरा गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरी खुपत राहिले, नजर धूसर झाली किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. जखमेचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी बहुधा ओळखता येते.

सरकारनेही दोन कामे करावीत. मळणीयंत्राला कृषी खात्याकडून अनुदान मिळते. त्या यंत्रासोबत डोळे झाकणारे चष्मे देणे सक्तीचे करावे, त्यांचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि अन्न व औषध प्रशासनाने स्टेरॉइड थेंबांच्या विक्रीची तपासणी राशीचा हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरातच, करावी.