कुत्र्याला वेळ कळते

कुत्रं म्हणे निव्वळ वर्तमानात जगतं. तुम्ही दहा मिनिटं बाहेर होता की दहा तास, त्याला सारखंच. हा पूर्वपक्ष मांडला जातो तो बहुधा दाराला कुलूप लावताना, आतलं केकाटणं कानावर येत असताना.

या पक्षाच्या हाती अगदीच काही नाही असं नव्हे. स्वीडनमधल्या उप्साला इथे रेन आणि कीलिंग या संशोधकांनी १२ पाळीव कुत्र्यांना त्यांच्याच घरी कधी अर्धा तास, कधी दोन तास, तर कधी चार तास एकटं ठेवलं. २०११ साली निष्कर्ष छापून आले. दोन तासांनी परतलेल्या आणि चार तासांनी परतलेल्या मालकाच्या स्वागतात फरक आढळला नाही. झालं! एवढंच उचलून लोक मोकळे होतात. अर्ध्या तासाचं मात्र कुणी बोलत नाही. त्याच्या तुलनेत दोन तासांनंतर कुत्र्यांच्या स्वागतातला जोर, ओठ चाटणं, अंग झाडणं हे सगळं वाढलं होतं. वेळ कळतच नसेल, तर हा फरक आला कुठून? उत्साह एकदा शिगेला पोचला की पुढचे दोन तास त्यात दिसणार तरी कसे? संशोधकही जपूनच बोलतात: एकटेपणी वेळ जाणवत होता की मालक दिसल्यावर जाणवला, हे या प्रयोगातून ठरत नाही, पण कालावधीचा परिणाम होतो, हे नक्की.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आठवते. त्याच्या प्रयोगशाळेतला बिनघंटेचा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. कुत्र्याला दर ३० मिनिटांनी खायला दिलं. सवय लागल्यावर एकदा दिलंच नाही. तरीही तिसाव्या मिनिटाच्या सुमारास लाळ सुटली. ना आवाज, ना दिवा. इशारा होता तो फक्त सरलेल्या वेळेचा.

दुसऱ्या टोकाच्या भाविकांनाही इथेच थांबवायला हवं. मालकीण घरी यायला निघाली की जेटी या कुत्र्याला ते दुरूनच कळतं, असा दावा इंग्लंडमध्ये गाजला होता. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या, तेव्हा जेटी खिडकीशी वरचेवर जाताना दिसला. तिच्या निघण्याशी त्याचा मेळ बसला नाही. अंतर्ज्ञान वगैरे काही नको. शरीराची दैनंदिन लय, भूक, रोजच्या स्कूलबसचा आवाज, जिन्यातली पावलं एवढ्यावर कुत्र्याचं भागतं. घरात विरत जाणाऱ्या मालकाच्या वासावरूनही ते वेळ ओळखत असावं, ही कुत्र्यांच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांची कल्पना मला आवडते. पण ती अजून कल्पनाच आहे.

उप्सालाचं मोजमाप चार तासांवर थांबलं होतं. पुण्या-मुंबईत नोकरी आणि प्रवास धरून घर सहज दहा-अकरा तास बंद राहतं. चार तासांच्या प्रयोगाचा दाखला त्याला कसा पुरणार? आणि सकाळपासून लघवी दाबून दाराशी बसलेल्या कुत्र्याला वेळ कळत नाही, असं म्हणायला धाडस लागतं.