बूड कडकच राहू द्या

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींत ज्यांना शिकारीचा किंवा नेमबाजीचा नाद आहे आणि जे गॅरेजात बसून काडतुसं पुन्हा भरतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भारतातल्या वाचकांनी हे नुसतं वाचावं. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडाला की पुंगळी फुगते, आपण ती डायमध्ये घालून पुन्हा आवळतो. दर खेपेला मान जराशी ताठरते. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ठोकून हंडा कडक झाला की तांबट तो पुन्हा भट्टीत घालतो, तेही ह्याच कारणाने. मी पुंगळ्या तापवून नरम करायचा कंटाळा केला आणि माझ्या पुंगळ्यांनी अक्षरशः माना टाकल्या : तोंडापासून खांद्याकडे गेलेली केसाएवढी उभी चीर, नख फिरवलं तरच कळणारी.

फरक इतकाच, की तांबट अख्खा हंडा तापवतो. आपण फक्त मान आणि खांदा तापवायचा, बूड नाही. .308 विंचेस्टरमध्ये दाब दर चौरस इंचाला 62,000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि तो बुडाच्या कडकपणावर पेलला जातो. बूड नरम पडून फाटलं, तर तापलेला वायू उलटा तुमच्या तोंडावर येईल. ‘ओव्हनमध्ये ट्रे भरून ठेव, काम एकदम होतं’ असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला लांबूनच हात जोडा. नरम पडलेलं बूड पाण्यात बुचकळूनही कडक होत नाही. तो गुण पोलादाचा. पितळ पाण्यात नुसतं गार होतं. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, मोह नको.

पुंगळी रिकामी हवी, दारू आणि प्रायमर दोन्ही काढलेली. भरलेलं काडतूस ज्योतीजवळ नेऊ नका, दारूचा डबा तर त्या खोलीतही नको. खिडकी उघडी, दिवा मंद. मान प्रोपेनच्या ज्योतीत धरून पुंगळी सतत फिरवत ठेवा. काम मोजक्या सेकंदांचं आहे. सेकंद किती ते अंदाजाने ठरवू नका. ठरावीक तापमानाला वितळणारा रंग मिळतो. 750 अंश फॅरनहाइटचा मानेच्या आतून लावा, 450चा खांद्याच्या थोडा खाली. वरचा वितळला पाहिजे, खालचा नाही. टाकाऊ पुंगळ्यांवर वेळ बसवा, मग चांगल्या हातात घ्या. मान लालभडक झाली तर मात्रा जास्त झाली; ती मग गोळी नीट धरत नाही.

आणखी एक गोष्ट, आपल्या पावसाळ्याची. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली, की पडल्या जागी तडकत. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि पितळात कोंडलेला ताण, दोघांनी मिळून केलेला हा उद्योग. त्याचा नीट उलगडा 1921 साली झाला. तेव्हा पुंगळ्या घासायला अमोनियावालं पॉलिश घेऊ नका.

तापवल्यावर मानेवर निळसर झाक येते. ती घासत बसू नका. लष्करी काडतुसांवर कारखानेसुद्धा ती तशीच सोडतात.