अम्मीनंतर कोण?

'घरच्यांनी शेवटपर्यंत सांभाळले' हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत फार कौतुकाने बोलले जाते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. धाराशिव असो, परंडा असो, नळदुर्ग किंवा उमरगा असो, चालता न येणाऱ्या मुलाला किंवा दृष्टी नसलेल्या बहिणीला वाऱ्यावर सोडणारी घरे आपल्याकडे क्वचितच सापडतील. पण हे सांभाळणे नेमके कोण करते, ते पाहिले की कौतुक अडखळते. सकाळी उठवून बसवणारी, संडासापर्यंत नेणारी, अंघोळ घालणारी, औषधाची वेळ लक्षात ठेवणारी व्यक्ती घरात एकच असते. बहुतेक घरांत ती अम्मी असते आणि तिने साठी ओलांडलेली असते. तिचे गुडघे गेले की सांभाळणे डळमळते. ती गेली की भावांच्या घरी महिन्या-महिन्याच्या पाळ्या लागतात. पाळी कुणाची, हे ठरवताना ज्याची पाळी लावायची त्याला कुणी विचारत नाही.

आपले बुजुर्ग दुआ मागतात, 'या अल्लाह, कुणाचा मोहताज करू नकोस, चालत्या हातापायांनी उचल.' या दुआमागची भीती समजण्यासारखी आहे. पण जन्मापासून किंवा अपघातानंतर ज्याचे हातपाय चालत नाहीत, त्याने ही दुआ ऐकताना काय समजायचे? मदत लागणे म्हणजे मोहताज होणे, असे आपण धरून चालतो. अडचण इथेच सुरू होते. मदत प्रत्येकाला लागते. गवंड्याशिवाय घर होत नाही, दाईशिवाय बाळंतपण होत नव्हते. मदत घेणाऱ्याचा शब्द चालत नाही, तिथे माणूस मोहताज होतो.

अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा तरुण होता. पोलिओमुळे मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी, श्वासासाठी यंत्र. कपडे घालायलाही दुसऱ्याचे हात लागत. 1972 मध्ये बर्कले शहरात स्वतंत्रपणे जगू पाहणाऱ्या दिव्यांगांचे पहिले केंद्र उभे राहिले, त्यामागे तो आणि त्याचे सोबती होते. त्यांचे म्हणणे साधे होते. हात कुणाचेही असोत. कधी उठायचे, काय खायचे, कुठे राहायचे, कुणाशी बोलायचे हे ठरवणारा मी असेन. स्वतंत्र राहणे याचा अर्थ एकटे राहणे असा त्यांनी कधीच घेतला नाही. 2007 मध्ये भारताने मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात हाच विचार आहे आणि आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तो उतरला आहे. या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही, आणि घरी येऊन मदत करणाऱ्या सेवा तिला मिळायला हव्यात. कागदावर हे सगळे आहे. परंड्याच्या गल्लीत यातले काय पोचले, हा प्रश्न आपला आहे.

फार लांब जायला नको. नसीमा हुरजूक हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडलेली ही मुलगी. खचलेल्या दिवसांत तिची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. तेही तसेच चाकाच्या खुर्चीत होते आणि तरी कामात बुडालेले होते. पुढे तिने शिक्षण पूर्ण केले, सरकारी नोकरी केली, 1984 मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे तिचे आत्मकथन मराठीत आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. त्या भेटीत तिला काय मिळाले, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. पैसा नव्हे, दयाही नव्हे. आपल्यासारखाच एक माणूस स्वतःचा दिवस स्वतः चालवतो आहे, हे तिने पाहिले. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी दिव्यांग तरुणांनी असा दुसरा माणूस कधी पाहिलेलाच नाही, कारण दोघेही आपापल्या घरात आहेत. कोल्हापूरसारखे वसतिगृह प्रत्येक तालुक्यात होणार नाही, व्हावेच असेही नाही. वसतिगृहातून शिकून परतणाऱ्यालाही शेवटी आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत राहायचे असते.

आपल्या जिल्ह्याकडे या बाबतीत स्वतःचा एक अनुभव आहे, तो आपण विसरलो आहोत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप किल्लारीच्या नावाने ओळखला जातो, पण सास्तूर, होळी, राजेगाव ही तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेही त्यात उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मेलेल्यांचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पाय गमावून, कणा मोडून जगलेल्यांची आठवण फारशी निघत नाही. पुढे गावे नव्या जागी वसली. आखीव रस्ते आले, रुंद प्लॉट आले, घरे भूकंपाला टिकणारी झाली. मात्र जुन्या गावात भिंतीला भिंत होती, एका हाकेवर शेजारीण येत होती. नव्या गावात दुकान लांब गेले, प्रार्थनास्थळ लांब गेले, हाक पोचेनाशी झाली. धडधाकट माणसाला हा फरक चार पावलांचा वाटला. काठी टेकत चालणाऱ्यासाठी मात्र तो आख्ख्या दिवसाचा होता.

त्याच पुनर्वसनात एक चांगली गोष्टही घडली. लातूर आणि उस्मानाबादच्या हजाराहून अधिक गावांत घरदुरुस्तीचे काम चालू होते. लोकांना कागद कळेनात, इंजिनिअरची भाषा कळेना. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. फार शिकलेल्या नव्हत्या, पण कोणत्या घराचा हप्ता अडला, कोणत्या घरात एकटी विधवा आहे, हे त्यांना माहीत असे. सरकार आणि घर यांच्यामध्ये त्या बसल्या आणि काम पुढे सरकले.

असा संवाद सहायक आज प्रत्येक मोहल्ल्यात दिव्यांगांसाठी का असू नये? आपल्या वाचकांपैकी निम्म्यांहून अधिक जणांच्या हातात स्मार्टफोन आणि डोक्यात पदवी आहे. वैश्विक ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज भरायला अर्धा तास लागतो. मग तपासणीचा दिवस येतो. परंड्याच्या माणसाने बार्शीमार्गे धाराशिवला यायचे, एसटीच्या उंच पायऱ्या चढायच्या, रांगेत थांबायचे आणि कागद अपुरा निघाला तर परत जायचे. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, पण सवलत कुणाला उचलून गाडीत बसवत नाही. तिथे दोन तरुण हात लागतात, आणि ते दर वेळी तेच हात असले तर बरे.

पैशाचेही तसेच. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा, असा राज्याचा नियम आहे. नगरपालिकांनाही तो लागू आहे. अनेक गावांत या रकमेतून डिसेंबरात एखादे ब्लँकेट किंवा चार-पाचशे रुपयांचा धनादेश वाटला जातो, फोटो निघतो, विषय संपतो. त्याच पैशातून रॅम्प होऊ शकतो, संडासात धरायला दांडी बसू शकते, दारापुढची मोडकी पायरी नीट होऊ शकते. ब्लँकेट कुणाला नको असते असे नाही, पण काय हवे ते ज्याचे त्याला विचारून खर्च केला तर तोच पैसा दहा वर्षे उपयोगी पडतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान 2025 मध्ये महिना 2500 रुपये झाले. वाढ चांगलीच आहे. पण बँक खात्याचे पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असते, तेही एकदा पाहायला हवे.

आता थोडे मशिदीकडे वळू. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) यांचा किस्सा आपण कितीतरी बयानांत ऐकला आहे. दृष्टी नसलेले हे सहाबी. त्यांच्याकडे आजान देण्याची जबाबदारी होती, आणि पैगंबर (स.) मदिनेबाहेर जात तेव्हा मागे मदिनेची व्यवस्थाही त्यांच्या हाती सोपवली गेली होती. म्हणजे पहिल्या पिढीतल्या समाजाने दिव्यांग माणसाला कोपऱ्यात बसवून पुण्य मिळवले नाही, त्याच्यावर काम सोपवले. आपल्या किती मशिदींच्या कमिटीत एखादा दिव्यांग सदस्य आहे? टाइल्स, झुंबर, एसी यांसाठी जुम्याला चंदा गोळा होतो. त्याच मशिदीला दारात सहा पायऱ्या असतात आणि वजूखाना गुडघ्याच्या खाली असतो. पंधरा-वीस हजारांत जे होईल, ते 'जागा नाही' म्हणून वर्षानुवर्षे राहते. जागा नाही हे मान्य. पण मोटारसायकलींना ती सापडते.

आणि एक अवघड विषय, ज्यावर लिहिले की काही वाचक नाराज होतात. वडील गेल्यावर घराची वाटणी होते तेव्हा दिव्यांग बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. 'तिला काय करायचे आहे, आम्ही आहोतच ना सांभाळायला.' शरीअतमध्ये दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही, आणि 2016 चा कायदाही मालमत्ता बाळगण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा तिचा हक्क इतरांइतकाच मानतो. ज्या खोलीत ती राहते, ती तिच्या नावावर असली तर भावजय तिच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती स्वतःच्या खोलीत राहील, मदतीला शेजारच्या बाईला पगार देऊन ठेवील, शिलाई करील किंवा करणार नाही. तिचे ती ठरवील. हिस्सा काढून घेऊन वर तिला जकातीची हकदार ठरवायचे, हा व्यवहार आपल्याकडे चालतो. याला खिदमत म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

कळंब, भूम, वाशी, परंडा या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास उसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. सगळे घर पाच-सहा महिने बाहेर आणि मागे म्हातारी आणि एक दिव्यांग माणूस, असे चित्र तिथल्या गावांत नवे नाही. यात आपलेही आहेत, इतर समाजांचेही आहेत. त्यामुळे मोहल्ल्यात जी व्यवस्था उभी राहील, ती मोहल्ल्याच्या कमानीपाशी थांबता कामा नये. सकाळी एक जण, संध्याकाळी एक जण, आठवड्याची वही, आणि वहीत कुणी कधी यायचे ते लिहिणारा तो दिव्यांग माणूस स्वतः. यासाठी संस्थेची नोंदणी लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही. चौथ्या आठवड्यात उत्साह ओसरतो, तेव्हा मात्र वहीवरून विचारणारे कुणीतरी लागते. रमजानमध्ये रेशनचे किट वाटण्यात आपले तरुण तरबेज आहेत. शव्वालनंतरचे दहा महिने हे खरे काम आहे.

1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीला ग्रामसभा होते. पुढच्या सभेला जाताना आपल्या गल्लीतल्या किमान एका दिव्यांग व्यक्तीला सोबत न्या, तिला पुढच्या रांगेत बसू द्या, आणि 5 टक्क्यांचा निधी मागच्या वर्षी किती जमला व कशावर खर्च झाला, हा प्रश्न तिलाच विचारू द्या. ग्रामसेवकाचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. तालुक्यानुसार ती उत्तरे आम्ही याच जागेवर छापू.