निरीक्षण की प्रयोग? अंगठा उठवण्यापूर्वी विचारा

काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील भगिनी आमच्याकडे एक कागद घेऊन आल्या. वर इंग्रजीत मथळा, खाली सहीची रेघ. "वकीलसाहेब, मॅडम म्हणाल्या, नुसती पाहणी आहे. सही करू का?" कागद वाचला तर त्यात औषध देण्याचीही गोष्ट होती. आम्ही एवढेच म्हणालो, "ताई, पाहणी असेल तर औषध कशाला? आणि औषध असेल तर ती नुसती पाहणी कशी?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला विचारता आला पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

वैद्यकीय संशोधनाचे दोन मुख्य प्रकार. पहिला निरीक्षणात्मक. यात संशोधक कोणाला काही देत नाही, कोणाचे काही काढून घेत नाही; जे घडते आहे ते नोंदवतो. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या धूम्रपानाच्या सवयींची तुलना केली. पुढे हजारो डॉक्टरांच्या सवयी नोंदवून वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. माणसांना मुद्दाम विडी ओढायला लावून कर्करोग होतो का, हे पाहणे अमानुष ठरले असते. तेथे निरीक्षण हाच सभ्य मार्ग होता.

दुसरा प्रकार प्रायोगिक. यात कोणाला काय द्यायचे हे संशोधक ठरवतो. चांगल्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एकाला नवे औषध, दुसऱ्याला जुने किंवा काहीच नाही. चिठ्ठ्या का? कारण माणसांना आपापल्या मर्जीवर सोडले तर औषध घेणारा बहुधा खाऊनपिऊन सुखी, शिकलेला, दवाखान्याजवळ राहणारा असतो. तो बरा झाला तर श्रेय औषधाचे की त्याच्या ताटातल्या भाकरीचे? चिठ्ठी गरीब-श्रीमंत पाहत नाही, म्हणून दोन्ही गट सारखे होतात. निरीक्षणाची कमजोरी आणि प्रयोगाचे बळ येथेच आहे. परंतु प्रयोगात माणसाच्या शरीरावर दुसऱ्याचा निर्णय चालतो, म्हणून कायद्याचा पहाराही तेथे कडक हवा.

आता मूळ मुद्दा. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस १० ते १४ वर्षांच्या २० हजारांहून अधिक मुलींना टोचली. त्यांत आदिवासी आणि वसतिगृहातील मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. हा लशीचा प्रयोग नव्हे, लशीला आधीच परवाना आहे, आम्ही केवळ प्रात्यक्षिक आणि निरीक्षण करीत होतो, असा बचाव पुढे आला. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या ७२ व्या अहवालात तो फेटाळला. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर अंगठे होते, हेही तिने नोंदवले. मुलगी कोणाची आणि संमती कोणाची?

आम्ही येथे लशीविरुद्ध बोलत नाही. चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही आणि लस उपयुक्त आहे हे आता जगभर सिद्ध झाले आहे. आपल्या मुलींना ती मिळालीच पाहिजे. आमचा आक्षेप नावाच्या खेळाला आहे. 'प्रयोग' म्हटले की नैतिकता समिती, देखरेख, उपचार, नुकसानभरपाई हे सारे मागे येते. 'निरीक्षण' म्हटले की यांतली काही कवचकुंडले सैल पडतात. शिवाय मृत्यूचे कारण ठरवायला नीट नोंद लागते, लस न घेतलेल्या त्याच वयाच्या मुलींशी तुलना लागते. ती व्यवस्था तोकडी ठेवली की संशय आईबापांच्या मनात कायमचा राहतो आणि चांगली लसही बदनाम होते.

त्याच काळात याच लशीचा दुसरा अभ्यास बार्शी, पुणे, मुंबईसह नऊ केंद्रांवर चालू होता. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे चिठ्ठ्या टाकून तपासायचे होते. एप्रिल २०१० च्या सरकारी बंदीने तोही अडला आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. त्या संशोधकांनी उघड सांगितले की चिठ्ठ्यांची वाटणी मोडली आहे, आता हा अभ्यास निरीक्षणात्मक समजावा. दहा वर्षे पाठपुरावा केला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक मात्राही जवळपास तितकेच संरक्षण देते असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास आहे. म्हणजे निरीक्षण कमी प्रतीचे नसते. मात्र ते निरीक्षणच आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे लागते.

आणि निरीक्षण निरुपद्रवीच असते, असेही कोणी समजू नये. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ६०० काळ्या पुरुषांचे निरीक्षण चालले. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. रोग कसा वाढतो हे पाहायचे होते! १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. तेथेही निवडले गेले ते गरीब, वर्णाने काळे आणि प्रश्न विचारण्याची सवय लागू न दिलेले लोक.

आज २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम आहेत. कळेल अशा भाषेत माहिती, निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार, इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, हे त्यात आहे. कायदा मात्र मागणाऱ्यालाच मिळतो. म्हणून वस्तीत कोणी कागद घेऊन आले तर चार प्रश्न विचारा. हे निरीक्षण की प्रयोग? आम्हाला काय देणार आणि दुसऱ्या गटाला काय? अभ्यासाचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीचे नाव काय? इजा झाली तर जबाबदार कोण? उत्तरे लेखी घ्या, कागदाची प्रत मागा. संशोधनाला नकार देऊ नका, कारण विज्ञान आपल्यालाही हवे आहे. पण त्यात आपण सामील व्हायचे ते माहिती असलेले नागरिक म्हणून.