पाऊण तास कोणाचा?

“ताई, तुम्हीसुद्धा?”

आमच्या गटाच्या बैठकीत समोशांची बशी फिरत होती. ती माझ्यापाशी आली तशी मी पुढे सरकवली आणि म्हटलं, “नको गं, वजन उतरवायचं ठरवलंय.” त्यावर माझ्या मुलीच्या वयाच्या एका कार्यकर्तीने हा प्रश्न विचारला. चेष्टेने नव्हे, खरोखर दुखावून विचारला. बायकांनी बारीक असावं हे बाजार सांगतो, नवरे सांगतात, लग्नाच्या जाहिराती सांगतात. त्यांच्याशी भांडण्यात ज्यांची उमर गेली त्याच आता वजनकाट्यावर उभ्या राहणार असतील तर आम्ही कोणाकडे बघायचं, असं तिचं म्हणणं होतं.

तिचा राग मला खोटा वाटत नाही. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या डोक्यावर मुकुट चढले आणि पाठोपाठ उपनगरांतून ‘स्लिमिंग सेंटर’च्या पाट्या लागल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. १९९६ साली बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा स्त्री संघटना निषेधाला उतरल्या होत्या. वजन जास्त म्हणून एअर इंडियाने २००९ साली हवाई सुंदरींना कामावरून काढलं. भूक मारणारी सिब्युट्रामीन नावाची गोळी आपल्याकडे राजरोस विकली जात होती. तिच्याने हृदयाला धोका होतो म्हणून २०११ साली तिच्यावर बंदी आली. या बाजाराबद्दल माझ्या मनात प्रेम नाही. पण बाजार खोटा आहे म्हणून माझे गुडघे खोटे होत नाहीत, माझ्या रक्तातली साखर खोटी होत नाही. शरीराबद्दल बोलायचं म्हटलं की आपण लगेच सौंदर्याबद्दल बोलू लागतो. बाजाराने लावलेली ही सवय चळवळीतही शिरली आहे.

मी लग्न होऊन विरारला आले तेव्हा माझं वजन ४६ किलो होतं. गेल्या वर्षी काटा ८२ वर गेला. हे ३६ किलो कुठून आले याचा हिशोब मला कोणी मागितला नाही, पण तो मी मांडणार आहे. कारण “खा खा खाते नि लोळते” हे जे आपल्याबद्दल न बोलता बोललं जातं, त्याला उत्तर द्यायला हवं.

पहाटे साडेचारला उठायचं, तीन डबे भरायचे, सहा बावन्नची गाडी पकडायची. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. आपल्या लेडीज स्पेशलचं कौतुक खूप झालं. १९९२ साली ती चर्चगेट-बोरिवली सुरू झाली, पुढे विरारपर्यंत आली. पण त्या डब्यात बायका भाजी का निवडत बसतात, हे कौतुक करणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. जाताना उभं, दिवसभर खुर्चीत बसून, येताना पुन्हा उभं. संध्याकाळी सातला पोटात आग पडते आणि पुढचं जेवण दहाला, तेही सगळ्यांचं झाल्यावर. म्हणून स्टेशनवर वडापाव. रात्री पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही, म्हणून तो माझ्या पोटात. मुलांनी ताटात टाकलेलंही तिथेच. घरात कचऱ्याचा डबा एक आणि दुसरी मी. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी आहेतच. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. पुण्य कोणाला लागलं कोण जाणे, चरबी मला लागली. दोन बाळंतपणं, वर्षानुवर्षं पाच तासांची झोप. पाळी गेल्यावर होतं नव्हतं ते सगळं पोटावर जमा झालं.

तीस वर्षांत मी एक दिवसही आळशी नव्हते. तरी वजन वाढलं. माझी तक्रार आहे ती ही.

आता नवऱ्याची गोष्ट. त्याला तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. त्याची नाचणीची भाकरी वेगळी, भाजी कमी तेलाची, रात्रीचं जेवण साडेसातला. म्हणजे मी घरात पाऊल टाकताच. सकाळी सहा ते सात तो चालायला जाऊ लागला. त्या तासात त्याला कोणी हाक मारत नाही. परत येतो तेव्हा मी गाडीत असते, पण चहा थर्मासमध्ये असतो. तो वाईट माणूस नाही. त्याने काही मागितलंसुद्धा नाही, सगळं आपोआप झालं. गेल्या वर्षी माझी साखर वाढलेली निघाली. घरात सगळ्यांना वाईट वाटलं. नवरा म्हणाला, “तूही चालायला जात जा की.” बस्स. एकही भांडं जागचं हललं नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत आज महाराष्ट्रात घराघरांत माहीत आहे. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. फुकट आहे, गोळी नाही, पावडर नाही, त्यामुळे माझं त्यांच्याशी भांडण नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. ही पंचेचाळीस मिनिटं कोणाची? सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. फरक २०२ मिनिटांचा. त्यात साडेचार किलोमीटरच्या चार फेऱ्या सहज बसतात. डॉक्टर चालायला सांगतात तेव्हा बाईकडे नसलेली गोष्ट ते तिला लिहून देत असतात. आणि ती जमली नाही की दोष तिच्या मनोनिग्रहाचा!

वेळ नाहीच असंही नाही. नवरात्रात मी जीवदानीचा डोंगर चढते, विरारच्या निम्म्या बायका चढतात. पहाटे अंधारात निघालं तरी कोणी “कुठे चाललीस?” विचारत नाही, उलट सासूबाई घर सांभाळतात. तोच डोंगर रोज माझ्यासाठी चढायचा म्हटलं तर चारजण विचारतील. देवीसाठी वेळ निघतो, मुलांच्या परीक्षेसाठी निघतो, नवऱ्याच्या साखरेसाठी निघतो. बाईच्या शरीरासाठी तेवढा निघत नाही.

मी घरात सांगितलं, “सव्वापाच ते सहा मी चालायला जाणार. पोळ्या कोणी करायच्या ते तुम्ही ठरवा.” सासूबाई म्हणाल्या, “या वयात आता कोणासाठी बारीक व्हायचंय?” मी चमकले. कारण बैठकीतल्या त्या पोरीच्या मनातही हेच होतं: कोणासाठी? पंचाऐंशीच्या सासूबाई आणि पंचवीसची कार्यकर्ती, दोघींनाही वाटलं की बाई वजन उतरवते ती दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसाठी. माझ्या आईचे पाय साखरेने बधिर झाले होते आणि साठीच्या आत ती गेली. शेवटपर्यंत तिने पथ्य सांभाळलं ते वडिलांचं. मला माझ्या पायांवर उभं राहायचंय. हे कारण पुरेसं का नसावं?

पंधरा दिवस भांडणं झाली. आता मुलगा आणि नवरा आळीपाळीने पोळ्या करतात. जाड होतात, कधी करपतात, पण डबे जातात. घरातलं पथ्य सगळ्यांना एकच झालं. सहा महिन्यांत माझं वजन पाच किलो उतरलं, मग तिथेच थांबलं. पूर्वीची मी असते तर हिरमुसून सोडलं असतं. पण चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी वाचला होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांत, ज्यांच्याकडून चालणं आणि आहार नेटाने करवून घेतला त्यांच्यापैकी तीन वर्षांत सुमारे ३९ टक्क्यांना मधुमेह झाला. इतरांमध्ये हेच प्रमाण ५५ टक्के होतं. आणि हे त्यांची वजनं फारशी न उतरताही घडलं. म्हणजे काटा हा परीक्षक नव्हे. २०२५ पासून आठवड्याला एकदा घ्यायची वजन उतरवणारी इंजेक्शनंही आपल्याकडे मिळू लागली आहेत. ज्यांना डॉक्टरी सल्ल्याने ती लागतील त्यांनी जरूर घ्यावीत, लाज कसली? पण महिन्याला काही हजार मोजून बाईचा वेळ विकत मिळत नाही, आणि आज बहुतेकींकडे ते हजारही नाहीत.

काही मैत्रिणी म्हणतील, हे पोट भरलेल्यांचं दुखणं आहे. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या बायकांना पुरेसं खायला नाही आणि तुम्ही कमी खाण्याच्या गप्पा मारता! मलाही तसं वाटायचं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाचांपैकी एक बाई गरजेपेक्षा रोड आहे, चारांपैकी जवळपास एक गरजेपेक्षा जाड, आणि निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. मी ८२ किलोची असतानाही माझं हिमोग्लोबिन नऊ होतं. दोघींचं दारिद्र्य सारखं नाही, तशी बरोबरी मी करणार नाही. पण मोखाड्याची ती आणि विरारची मी, दोघी शेवटी जेवतो. तिच्या ताटात उरतच नाही, माझ्या ताटात उरलेलं पडतं. ताट कोणी, कधी आणि कशाने भरायचं यात दोघींनाही विचारलेलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, हा विषय स्लिमिंग सेंटरवाल्यांच्या हाती सोडू नका. आपण आरोग्य शिबिरं घेतो, बायकांना काट्यावर उभं करतो आणि वजन लिहून घेतो. त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने वाढवा: घरात कितव्या पंगतीला जेवता, रात्री किती तास झोपता, दिवसातला किती वेळ फक्त तुमचा. १२ लाखांवर वस्ती २०११ सालीच झालेल्या या वसई-विरारमध्ये बाईला पहाटे किंवा रात्री निर्धास्त चालता येईल असे उजेडाचे, सपाट रस्ते किती आहेत, तेही मोजा. मग सल्ला द्या.

आमच्या आळीतून आता आम्ही सातजणी निघतो. साड्या, पंजाबी ड्रेस, एकीच्या पायात मुलाचे जुने बूट. पहिले काही दिवस दूधवाले बघून हसायचे, आता रस्ता देतात. ज्या पोरीने मला प्रश्न विचारला तिलाही बोलावलंय. बारीक होण्यासाठी नाही, ती तशी काडीच आहे. तिचं लग्न ठरतंय. पाऊण तास आत्ताच मागून ठेव, असं तिला सांगायचंय. नंतर मागायला मला तीस वर्षं लागली.